पैशालाही ब्रेव्हे कार्ड हवं

"सर, त्या कॅन्सरच्या सायकलचं काय झालं?"

सेकंड शिफ्ट सुटत होती. बसची वाट बघत गेटवर उभा होतो तेव्हा ग्राइंडिंगवरच्या मामांनी विचारलं. मी म्हटलं, झाली की राईड, २०० किलोमीटर पूर्ण केली, मेडल पण मिळालं. मामा म्हणाले, "ते फोटो बघितले. मी पैशाचं विचारतोय. आमच्या शंभर रुपयाचं काय झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

मी चाकण एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. राहायला मोशीला. सहा-सात वर्षांपासून सायकल चालवतो. सुरुवात पोट कमी करायला केली, आता व्यसन आहे. आमच्याकडे सायकलवाल्यांची कमी नाही. पिंपरी-चिंचवडमधून दर आषाढीच्या आधी पंढरपूरला सायकल वारी जाते, शेकडो लोक जातात. रविवारी पहाटे पाचला नाशिक फाट्यावर उभे राहा, हेल्मेट घातलेले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या प्लांटचे निघतील.

मागच्या थंडीत एक राईड जाहीर झाली. भोसरी ते घारगावच्या पुढे आणि परत, २०० किलोमीटर. "कॅन्सर संशोधनासाठी." एंट्री फी १,५०० रुपये, शिवाय प्रत्येकाने आपापल्या ओळखीत निधी गोळा करायचा. आयोजकांचं नाव मी लिहिणार नाही. कुणाला बदनाम करायचं नाही, आणि खरं सांगायचं तर हा प्रकार एका ग्रुपपुरता नाहीच.

मी लाइनवर डायरी फिरवली. पन्नास, शंभर, दोनशे. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांनीसुद्धा वीस-वीस दिले. एकूण ११२ जण, ३१,४५० रुपये. मामांनी शंभर दिले आणि डायरीत स्वतःच्या हाताने नाव लिहिलं.

राईड छान झाली, खोटं का बोलू. पहाटेच्या अंधारात तळेगाव चौक रिकामा बघायला मिळाला. चाकणकर असाल तर याची किंमत कळेल. मंचरला पोहे, नारायणगावच्या पुढे ऊन चढलं, आळेफाट्यापर्यंत पाय ठीक होते. परतीला खेडच्या अलीकडे मांडीत गोळे आले. संध्याकाळी स्टेज, डीजे, पाहुणे, ड्रोन, जर्सी, मेडल.

पंधरा दिवसांनी मी आयोजकांना मेल केला, एकूण किती जमले आणि कुठल्या संस्थेला दिले ते कळवा. उत्तर नाही. दुसरा मेल. "लवकरच कळवतो." तिसऱ्या मेलला उत्तर आलं, एका ओळीत: जमा निधी कॅन्सरविषयक जनजागृतीसाठी वापरण्यात आला.

जनजागृती म्हणजे काय, ते मला संध्याकाळच्या फोटोंमध्ये दिसलं. फ्लेक्स, जर्सी आणि ड्रोन.

आता तुम्ही म्हणाल, चोरी झाली का? मला तसं वाटत नाही. कुणी खिशात घातले असतील असं मी म्हणत नाही. खर्च झाला आणि त्या खर्चालाच काम समजलं गेलं. पण लाइनवर पैसे मागताना मी "संशोधन" म्हणालो होतो. तो शब्द मी दिला होता.

—

त्या शब्दाला मी चिकटून का बसलोय ते सांगतो.

माझे वडील भोसरीत एका फाउंड्रीत फेटलिंगला होते, २४ वर्षं. कास्टिंग साच्यातून निघालं की त्याला चिकटलेली वाळू झाडायची, ग्राइंडरने कडा घासायच्या. घरी आले की कानामागे पांढरी धूळ असायची. आई म्हणायची, आधी अंग धुवा मग पोराला घ्या. पन्नाशीनंतर धाप लागायला लागली. आधी टीबी म्हणून सहा महिने गोळ्या. मग परत गोळ्या. शेवटी एका डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून विचारलं, काम काय करायचे? तेव्हा सिलिकोसिस हा शब्द आमच्या घरात आला.

वाळूची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते, तिथे व्रण धरतात, फुप्फुस कडक होत जातं. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. डॉक्टर नीट बोलले होते, "काका, त्रास कमी करू शकतो, गेलेलं परत आणू शकत नाही. जगभर संशोधन चालू आहे." वडील २०१९ ला गेले. 'संशोधन चालू आहे' हे वाक्य माझ्या डोक्यात तसंच राहिलं. कोण करतंय? कुठे? कुणाच्या पैशावर?

राईड कॅन्सरसाठी होती, सिलिकोसिससाठी नव्हती, हे मला माहीत होतं. (तसा सिलिकाच्या धुळीने फुप्फुसाचा कॅन्सरही होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ती १९९७ मध्येच पहिल्या गटात टाकली आहे.) पण संशोधनासाठी कुणीतरी सायकल चालवतंय एवढ्यावरच मी नाव घातलं होतं.

—

आपल्याकडे आजारासाठी पैसे जमत नाहीत असं अजिबात नाही. लाइनवर कुणाच्या बायकोचं ऑपरेशन असलं की दोन दिवसांत चाळीस-पन्नास हजार उभे राहतात. गावाकडच्या ग्रुपवर क्यूआर कोड आला की माणसं बघता बघता टाकतात. हे आपलं मोठेपण आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण तो पैसा समोरच्या एका माणसासाठी असतो. त्याच आजाराचा पुढचा माणूस दारात येईल तेव्हा औषध तेच असणार, बिल वाढलेलं असणार.

संशोधनाला पैसे देणं अवघड जातं, कारण समोर चेहरा नसतो. निकाल आपल्या हयातीत लागेल याची खात्री नसते. शिवाय संशोधन म्हटलं की आपल्याला अमेरिका दिसते, पांढरे कोट दिसतात. ते आपल्या रस्त्यावर होतं हे आपल्यालाच माहीत नाही.

आपल्याच पट्ट्यातली तीन ठिकाणं सांगतो.

एक, पिंपरीचं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. आपण सगळे 'एचए' म्हणतो. एचए कॉलनी, एचए ग्राउंड. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला देशातला पहिला सरकारी औषध कारखाना. पेनिसिलिन इथे बनलं. आणि नुसतं बनवलं नाही, इथल्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन नावाचं बुरशीवरचं नवं प्रतिजैविक शोधलं. मोटारी आणि टायरच्या आधी पिंपरीचं नाव औषधामुळे झालं होतं.

दोन, भोसरी एमआयडीसीत, जी ब्लॉकमध्ये, आयसीएमआरची एड्स संशोधन संस्था. 'नारी' म्हणून ओळखली जायची, आता नाव बदललंय. १९९२ पासून तिथे आहे. शेजारी शॉप, समोर ट्रक. २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निकाल आला. नऊ देश, १,७६३ जोडपी, प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही. औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी होतं, हे त्यातून सिद्ध झालं. एचआयव्हीवर उपचार कधी सुरू करायचे याचा विचार जगभर बदलला. त्या अभ्यासाच्या केंद्रांमध्ये पुण्याचं केंद्र होतं, ते हेच. आपण रोज तिथून कंपनीच्या बसने जातो, मान वळवून बघतही नाही.

तीन, वढू बुद्रुक. आपण जातो ते संभाजी महाराजांच्या समाधीला. तिथेच पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं ग्रामीण आरोग्य केंद्र आणि संशोधन चालतं, ज्याची मुळं डॉ. बानू कोयाजींच्या कामात आहेत. रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची भारतीय लस तपासली तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ६,७९९ बाळं होती, दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्याचा हा ग्रामीण भाग मिळून. म्हणजे इथल्या गावांतल्या आयांनी आपली लेकरं पुढे केली, म्हणून ती लस खरंच काम करते का ते देशाला कळलं. २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आली. आज आपल्या घरात बाळ असेल तर तुम्ही आरोग्य केंद्रात रोटाची मात्रा पाजून आणली असणार.

ही लस ज्या विषाणूपासून बनली तो दिल्लीत एम्समध्ये नवजात बाळांमध्ये सापडला होता, १९८० च्या दशकात. सापडल्यापासून सरकारी कार्यक्रमात येईपर्यंत तीस वर्षं. तीस वर्षं कुणीतरी पगार देत राहिलं, फ्रीज चालू ठेवत राहिलं, घरोघरी जाऊन बाळांची नोंद करत राहिलं. लांब पल्ला म्हणजे हा. आपले २०० किलोमीटर त्याच्यापुढे कोपऱ्यावरून दूध आणल्यासारखे आहेत.

—

लांब पल्ल्याची सायकल आणि आजार यांचं नातं महाराष्ट्राला नवीन नाही. 'रेस अक्रॉस अमेरिका', म्हणजे रॅम, ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत साधारण ४,८०० किलोमीटरची शर्यत. एकट्याने केली तर बारा दिवसांची मुदत, टीमने केली तर नऊ. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती मुदतीत पूर्ण केली, असं करणारी ती पहिली भारतीय टीम. त्यांच्या टीमच्या नावातच आदिवासींच्या दृष्टीचा, म्हणजे डोळ्यांच्या उपचारांचा विषय होता. २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ, आणि त्यांच्या पाठोपाठ काही तासांत नागपूरचे डॉ. अमित समर्थ. चौघेही डॉक्टर! मला यात गंमत वाटते. ज्यांना शरीर कुठे मोडतं हे माहीत आहे, तेच ते एवढं ताणायला तयार झाले.

आणि संशोधनासाठीच पैसा जमवायचा तर जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं आहे. पॅन-मास चॅलेंज. १९८० मध्ये बिली स्टार नावाच्या माणसाने सुरू केलं, त्याची आई कॅन्सरने गेली होती. पहिल्या वर्षी ३६ सायकलस्वार आणि १०,२०० डॉलर. आपल्या एखाद्या सोसायटीच्या ग्रुपएवढे लोक. आज त्यांचा सगळ्या वर्षांचा मिळून आकडा एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलाय, आणि तो बोस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर संस्थेला जातो.

लोक हा एक अब्जाचा आकडा सांगून थांबतात. मला त्यांचा नियम जास्त महत्त्वाचा वाटतो. सायकलस्वाराने जमवलेला प्रत्येक डॉलर संस्थेला जातो. जर्सी, मंडप, जेवण, रस्त्यावरची व्यवस्था हा सगळा खर्च एंट्री फी आणि प्रायोजकांकडून काढतात. दोन वेगळे खिसे. आणि ठरलेली किमान रक्कम जमली नाही तर फरक सायकलस्वाराच्या स्वतःच्या कार्डातून कापला जातो. लोक विश्वास ठेवतात ते या नियमामुळे.

—

ज्यांनी बीआरएम केली आहे त्यांना मी आता जे म्हणणार आहे ते लगेच कळेल. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. बीआरएम ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. हातात एक कार्ड देतात, त्याला ब्रेव्हे कार्ड म्हणतात. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कंट्रोल असतात. तिथे वेळेत पोचायचं, शिक्का घ्यायचा, नाहीतर एटीएमची किंवा चहाच्या दुकानाची पावती दाखवायची. तुम्ही कितीही तगडे असा, कितीही लवकर परत या, मधला एक शिक्का नसेल तर राईड धरली जात नाही. रडून उपयोग नाही. मी स्वतः एकदा झोपेत कंट्रोल पुढे निघून गेलो होतो, बावीस किलोमीटर मागे आलो. आयोजक म्हणाला, "भाऊ, तू गेलास यावर माझा विश्वास आहे, पण कार्डाचा नाही."

आम्ही सायकलवाले स्वतःच्या पायांच्या बाबतीत इतके कडक आहोत. प्रत्येक किलोमीटर स्ट्राव्हावर. हार्ट रेट, कॅडेन्स, चढाई सगळं. आणि ज्या पैशासाठी एवढं केलं, त्याचा एक शिक्का आमच्याकडे नाही!

माझं म्हणणं एवढंच आहे. पैशालाही ब्रेव्हे कार्ड हवं. चार कंट्रोल, चार शिक्के.

पहिला शिक्का निघण्यापूर्वी. पैसे कुठल्या संस्थेला, कुठल्या कामासाठी जाणार हे नावानिशी लिहा. 'कॅन्सरसाठी' हे नाव नाही. संस्था, विभाग, काम. त्या संस्थेचं 'आम्ही हा निधी घेऊ' असं पत्र आधी हातात हवं.

दुसरा, दोन खिसे. राईडचा खर्च एंट्री फीतून आणि प्रायोजकाकडून. देणगीतून एक रुपयाची जर्सी शिवायची नाही. प्रायोजक मिळाला नाही तर मेडल नको, घरी भरपूर पडलीत.

तिसरा, पैसे थेट संस्थेच्या खात्यात. मधे कुणाचा वैयक्तिक क्यूआर नाही. देणाऱ्याला पावती. करात सूट हवी असेल तर संस्था ८०जी खाली नोंदलेली आहे का ते बघा, आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत हेही लक्षात ठेवा.

चौथा, राईडनंतर साठ दिवसांत एक पानाचा हिशोब. किती आले, किती दिले, काय राहिलं. आणि वर्षभराने संस्थेकडून दोन ओळी, त्या पैशात काय झालं. 'अजून काही सापडलं नाही' असं उत्तर आलं तरी चालेल. संशोधनात तेही उत्तर असतं.

यात अवघड काय आहे? गल्लीतल्या गणपती मंडळाची पोरं वर्गणीला येताना पावतीपुस्तक घेऊन येतात. चांगली मंडळं अहवाल छापतात, त्यात मांडववाल्यापासून प्रसादाच्या साखरेपर्यंत जमाखर्च असतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आणि आपण इंग्रजी नावाचा इव्हेंट करतो, लाख लाखाची सायकल घेऊन येतो, आणि हिशोब मागितला की लोक म्हणतात, "निगेटिव्ह नको बोलू यार, चांगलं काम आहे."

चांगलं काम आहे म्हणूनच मागतोय. वाईट कामाचा हिशोब कोण मागतं?

—

'आपल्या दहा-वीस हजारांनी काय होणार' असं वाटत असेल तर एक गणित. संशोधनात खालच्या पायरीवर जे राबतात ते ज्युनिअर रिसर्च फेलो. जानेवारी २०२३ पासून त्यांना सरकारी दराने महिना ३७,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. वर्षाचे ४,४४,०००. म्हणजे चाळीस सायकलस्वारांनी प्रत्येकी ११,१०० रुपये जमवले तर एका तरुण संशोधकाचं वर्षभराचं विद्यावेतन निघतं. चाळीस लोक तर आमच्या एका रविवारच्या राईडला असतात. मी एकट्याने लाइनवरून ३१,४५० जमवले होते. ते त्या खात्यात गेले असते तर एका मुलीचे किंवा मुलाचे पंचवीस दिवस झाले असते. हे मी मामांना सांगू शकलो असतो. "मामा, तुमच्या शंभर रुपयात एका संशोधकाचा साधारण अर्धा तास झाला."

आता विरोधात जे बोललं जाईल तेही घेतो.

'संशोधन हे सरकारचं काम आहे.' बरोबर. आणि सरकार ते पुरेसं करत नाही. २०२०-२१ च्या सरकारी आकडेवारीत आपला देश संशोधन आणि विकासावर, म्हणजे शेती, अवकाश, संरक्षण, औषध सगळं मिळून, जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करत होता. त्याबद्दल ओरडलं पाहिजेच. पण ज्याने स्वतः शंभर रुपये घातलेत तोच पुढे खासदाराला विचारेल की सरकारने किती घातले.

'कंपन्यांनी द्यावं.' तेही बरोबर, आणि इथे चाकणवाल्यांनी नीट ऐका. कायद्याने ज्या कंपन्यांना सीएसआर लागू आहे त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. २०१९ पासून त्या यादीत आयसीएमआरसारख्या सरकारी संशोधन संस्था आणि सरकारी विद्यापीठांना दिलेला संशोधनाचा निधीही बसतो. म्हणजे तुमच्या एचआरने झाडं लावून फोटो काढायच्या ऐवजी भोसरीच्या संस्थेला पत्र लिहिलं तरी सीएसआर होतो. पुढच्या वेळी कंपनीने राईडला टी-शर्ट दिले की विचारा, कामगारांनी जमवले तेवढेच तुम्ही घालणार का?

तिसरा मुद्दा माझ्या बायकोने काढला आणि तो सगळ्यात टोचला. ती म्हणाली, "बाबांची धूळ कारखान्याने केली. ती थांबवायला कुठलं संशोधन हवं होतं? पाणी मारायचं, धूळ ओढणारे पंखे लावायचे, चांगले मास्क द्यायचे. आणि आता तू सायकल चालवून पैसे गोळा करणार?"

तिचं बरोबर आहे. सिलिकोसिस टाळता येतो हे जगाला फार आधीपासून माहीत आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातच तो सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत होता. माझ्या वडिलांचा कुणी कळवला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९५ मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत हा रोग संपवायचा. २०३० आलंच. त्यामुळे कुठलीही राईड कुठल्याही कारखान्याला धुळीतून सूट देत नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा. पण ज्यांच्या फुप्फुसात धूळ आधीच बसली त्यांचं काय? त्यांच्यासाठी संशोधनच लागतं. अहमदाबादच्या आयसीएमआरच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने रक्तातल्या एका प्रथिनावरून सिलिकाचं नुकसान लवकर ओळखायची चाचणी तयार केली आहे. वडिलांच्या वेळी ती असती, तर टीबीच्या गोळ्यांत गेलेलं ते वर्ष वाचलं असतं. पंखाही हवा आणि चाचणीही हवी. एकाच्या नावाखाली दुसरं बुडवायचं नाही.

—

मग मी काय केलं? पैसे परत आणता आले नाहीत. डायरी घेऊन परत लाइनवर फिरलो, शिफ्टवाइज. प्रत्येकाला सांगितलं की मी संशोधन म्हणालो होतो, ते झालं नाही, चूक माझी, मी आधी विचारायला हवं होतं. बहुतेक जण म्हणाले, "जाऊ द्या सर." एकजण हसला. एका पोराने विचारलं, मग मेडल का ठेवलं? मी ते आता कपाटात उलटं ठेवलंय.

आणि एक ठरवलं आहे. येत्या हिवाळ्यात आम्ही दहा-बारा जण एक राईड करतोय. पिंपरीच्या एचएपासून निघायचं, भोसरीच्या संस्थेसमोरून आळंदी, मरकळ, तुळापूर करत वढू बुद्रुक. पन्नास किलोमीटरच्या आत आहे, कंपनीच्या सायकलवर येणारा माणूसही करेल. जर्सी नाही, ड्रोन नाही, मेडल नाही. पैसे कुठल्या संस्थेला ते आधी पत्र घेऊन ठरेल, पत्र मिळालं नाही तर पैसे गोळा करणार नाही, नुसतीच राईड करू. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड असेल, त्यावर चार चौकोन. चौथा चौकोन भरला की त्याचा फोटो इथेच टाकीन. नाही टाकला तर याच पोस्टखाली येऊन मला धरा.

तुम्ही कुठल्या राईडला, रनला, वॉकला पैसे दिले असतील तर आज एक मेसेज करा. भांडण नको, शिव्या नकोत. फक्त विचारा, "कुठे गेले?" उत्तर मिळालं तर त्या लोकांचं जाहीर कौतुक करा, ते जास्त गरजेचं आहे.

मामांना परवा सगळं सांगितलं. राईडचं, कार्डाचं, अर्ध्या तासाच्या हिशोबाचं. त्यांनी ग्राइंडरवरून हात न काढता ऐकलं. मास्क खाली घेतला आणि म्हणाले, "पावती आणा आधी. मग शंभर देतो." मग मास्क वर केला.

मी म्हटलं, मामा, मास्क खाली नका घेत जाऊ.